तिसरा ग्रंथ : मर्विन पीक आणि त्याचे वाचक

मर्विन पीक या इंग्रज चित्रकार-कादंबरीकाराच्या टायटसविषयक तीन कादंबऱ्यांबद्दल वाचकवर्गात एक समजूत दीर्घकाळ रूढ आहे. ‘टायटस ग्रोन’ (१९४६) आणि ‘गॉर्मनगास्ट’ (१९५०) या पहिल्या दोन कादंबऱ्या असामान्य, आणि ‘टायटस अलोन’ (१९५९) हे तिसरे पुस्तक मात्र एका आजारी माणसाच्या हातून कसेबसे उतरलेले, अशी ती समजूत होय. पहिली दोन पुस्तके वारंवार वाचणारे अनेक आस्वादक तिसरे पुस्तक एकदाच वाचतात, काही तर अर्ध्यावर ठेवतात. उलट, हे तिसरे पुस्तकच पीकचे सर्वांत धाडसी लेखन होय असे मानणारा एक लहानसा पण आग्रही वर्गही आहे. रूढ समजुतीत तथ्यांश नाही असे नाही. परंतु लेखकाचा आजार, प्रकाशकाने छापलेला पाठ आणि लेखकाचा मूळ हेतू या तीन निरनिराळ्या गोष्टींची तिच्यात सरमिसळ झालेली आहे. त्या सुट्या करावयाच्या तर पीकच्या आयुष्याचा क्रमच पाहिला पाहिजे.

मर्विनचा जन्म ९ जुलै १९११ रोजी चीनमधील कुलिंग या थंड हवेच्या ठिकाणी झाला. वडील अर्नेस्ट पीक हे लंडन मिशनरी सोसायटीचे डॉक्टर, आई परिचारिका. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात चीनमध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि काही महिन्यांतच छिंग घराण्याची सत्ता संपली. शतकानुशतके चाललेले राजविधी एकाएकी निरर्थक झाले, त्या वेळी हे मूल पाळण्यात होते. गॉर्मनगास्टच्या किल्ल्यातील अर्थ हरवलेले पण काटेकोरपणे पाळले जाणारे विधी पाहून पुढे अनेक समीक्षकांनी पेकिंगच्या निषिद्ध नगरीची आठवण काढली आहे. असले धागे फार ताणू नयेत हे खरे. तरीही मर्विनचे बालपण तिएन्त्सिन येथे मिशनच्या आवारात गेले, आणि आवाराच्या भिंतीआड इंग्लंड व भिंतीपलीकडे चीन अशी त्या जगाची रचना होती, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. डिसेंबर १९२२ मध्ये पीक कुटुंबाने सैबेरियामार्गे रेल्वेने इंग्लंडचा प्रवास केला. अकरा वर्षांच्या मर्विनने चीनचा निरोप घेतला तो कायमचा. जे जग आपल्या रोमारोमांत भिनले आहे ते इतरांना ठाऊकच नाही, ही जाणीव त्याला या वयात झाली असणार. तिसऱ्या कादंबरीतील टायटसचे सारे दुःख याच जाणिवेतून निर्माण झालेले आहे.

इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या एल्टम कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. पुढे क्रॉयडनची कलाशाळा आणि रॉयल अकॅडमी स्कूल्स येथे त्याने चित्रकलेचे धडे घेतले. १९३३ मध्ये एल्टमच्या एका माजी शिक्षकाने सार्क या बेटावर कलावंतांची वसाहत स्थापन केली, तेव्हा पीक तिथे जाऊन राहिला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या सामुद्रधुनीतील या चिमुकल्या बेटावर मोटारगाड्यांना बंदी आहे. लंडनला परतल्यावर तो वेस्टमिन्स्टरच्या कलाशाळेत रेखाटन शिकवू लागला. तेथेच शिल्पकलेची विद्यार्थिनी मेव्ह गिलमोर हिची व त्याची भेट झाली आणि १९३७ मध्ये त्यांचा विवाह झाला. पीकच्या ग्रंथांच्या इतिहासात या स्त्रीचे स्थान केवळ पत्नीचे नाही, हे पुढे दिसून येईल.

१९४० मध्ये तो सैन्यात भरती झाला. युद्धचित्रकार म्हणून नेमणूक मिळावी ही त्याची इच्छा होती, परंतु वाट्याला आली ती छावणीतील कवायत आणि निरनिराळी कामे. शिपाई म्हणून तो निरुपयोगीच ठरला असावा. या छावण्यांमध्ये, वह्यांच्या पानांवर, समासात पात्रांची रेखाटने करीत त्याने ‘टायटस ग्रोन’ लिहावयास घेतली आणि भरलेल्या वह्या तो मेव्हकडे धाडू लागला. १९४२ मध्ये त्याचे मनःस्वास्थ्य ढासळले आणि पुढील वर्षी त्याला सैन्यातून मुक्त करण्यात आले. याच काळात ‘एन्शंट मरिनर’ या कोलरिजच्या काव्यासाठी त्याने केलेली चित्रे प्रसिद्ध झाली. त्या चित्रांनी त्याला लाभलेली ख्याती त्याच्या कादंबऱ्यांहून जुनी आहे.

एअर अँड स्पॉटिसवुड या प्रकाशनसंस्थेत तेव्हा ग्रॅहम ग्रीन काम करीत होता. त्याने ‘टायटस ग्रोन’चे हस्तलिखित वाचून पसरट लेखनाबद्दल लेखकाची चांगलीच कानउघाडणी केली. पीकने ती मनावर घेतली, मजकूर पुन्हा तपासला, आणि १९४६ मध्ये कादंबरी बाहेर पडली. लेखक धडधाकट होता, संपादक कठोर पण जाणता होता, आणि दोघांच्या झटापटीतून ग्रंथ सुधारला. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी नेमकी हीच झटापट होऊ शकली नाही.

तत्पूर्वी १९४५ च्या उन्हाळ्यात ‘लीडर’ या साप्ताहिकाने पीकला टॉम पोकॉक या तरुण वार्ताहरासमवेत चित्रे काढण्यासाठी जर्मनीस पाठविले. बेर्गन-बेल्सनची छळछावणी ब्रिटिश सैन्याने एप्रिलमध्ये मुक्त केली होती. पीक तेथे पोहोचला तेव्हाही वाचलेल्यांपैकी अनेकजण रुग्णालयात मरणपंथाला लागलेले होते. क्षयाने मरत असलेल्या एका मुलीचे त्याने चित्र काढले आणि नंतर त्या अनुभवावर कविताही लिहिली. मरणाऱ्या माणसाकडे पाहताना आपली नजर चित्रकाराची राहिली, ती केवळ माणसाची राहिली नाही, हा अपराधभाव त्या कवितेच्या गाभ्याशी आहे. मेव्हने पुढे आठवणी लिहिल्या त्यांत या प्रवासानंतर तो बदलला असे सुचविले आहे. टायटसच्या तिसऱ्या ग्रंथाविषयी मत बनविणाऱ्या प्रत्येक वाचकाने ही १९४५ ची तारीख ध्यानात ठेवावयास हवी. सर्वसाधारणपणे ध्यानात राहते ती १९५७ ची.

१९४६ ते १९४९ या काळात पीक पत्नी व मुलांसह पुन्हा सार्क बेटावर राहिला आणि ‘गॉर्मनगास्ट’चे बरेचसे लेखन त्याने तेथे केले. ही कादंबरी आणि ‘द ग्लासब्लोअर्स’ हा काव्यसंग्रह यांना मिळून रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरतर्फे दिले जाणारे हाइनमन पारितोषिक लाभले. एलिझाबेथ बोवेनसारख्या लेखिकेने पहिल्या कादंबरीचे स्वागत केले होते. पुढे १९५८ मध्ये सी. एस. लुइसनेही दोन्ही पुस्तके वाचून लेखकाला प्रशंसेचे पत्र लिहिले. असे असूनही खप बेताचाच राहिला. या कादंबऱ्या कोणत्या खणात ठेवाव्यात हे पुस्तकविक्रेत्यांना कळत नव्हते आणि समीक्षकांनाही कळत नव्हते. त्यांत चमत्कार नाहीत, जादूगार नाहीत, देवदानव नाहीत. आहे तो केवळ एक अवाढव्य, कोसळत चाललेला किल्ला, त्यातील विधी, आणि स्वयंपाकघरातून निघून कपटाच्या बळावर सत्तेच्या पायऱ्या चढणारा स्टिअरपाइक. टायटस हा या किल्ल्याचा सत्त्याहत्तरावा उमराव. पहिल्या ग्रंथाच्या अखेरीसही तो दोन वर्षांचा झालेला नसतो. दुसऱ्या ग्रंथात तो वाढतो, महापुराच्या वेळी स्टिअरपाइकला ठार मारतो आणि किल्ला सोडून घोड्यावरून निघून जातो. आपला किल्ला सोडून जाणाऱ्या नायकाबरोबर आपल्यालाही तो सोडावा लागणार आहे, हे दुसरे पुस्तक मिटताना बहुतेक वाचकांच्या लक्षात येत नाही.

पीकच्या मनात त्रयी नव्हतीच. टायटसचे संपूर्ण आयुष्य, बालपणापासून वार्धक्यापर्यंत, ग्रंथामागून ग्रंथ लिहीत जावे असा त्याचा संकल्प होता. तिसऱ्या पुस्तकानंतरच्या भागाची काही पानेही त्याने लिहिली. तीन पुस्तकांवर लेखन थांबले ते रोगामुळे, आणि त्या थांबलेल्या लेखनाला त्रयी हे नाव मिळाले ते पुस्तकांच्या बाजारात. टोल्कीनच्या तीन खंडांची लाट अमेरिकेत १९६५ नंतर उसळली. त्या लाटेवर बॅलन्टाइन या प्रकाशनाने १९६८ मध्ये पीकची तीन पुस्तके कागदी बांधणीत एकत्र आणली. त्यामुळे वाचक ती हातात घेताना एक अपेक्षाही बरोबर घेऊन आले. तिसऱ्या खंडात राजा परतावा, सारे धागे जुळावेत, जे उद्ध्वस्त झाले ते सावरले जावे, ही ती अपेक्षा. पीकच्या तिसऱ्या पुस्तकात राजा परतत नाही. वाचकाच्या निराशेचा पहिला उगम येथे आहे, आणि त्याला पीकचा आजार मुळीच कारणीभूत नाही.

आजार मात्र खरा होता आणि भयंकर होता. हातापायांना कंप, झोप उडणे, विस्मरण ही लक्षणे १९५० नंतरच्या दशकात वाढत गेली. संसार चित्रांच्या कामांवर आणि कलाशाळेतील शिकवणीवर चालत होता. पीकने ‘द विट टु वू’ या नाटकावर मोठी आशा बांधली होती. मार्च १९५७ मध्ये ते लंडनच्या आर्ट्स थिएटरात रंगभूमीवर आले, पण त्याला यश मिळाले नाही आणि पीक कोसळला. यानंतरची वर्षे रुग्णालये, विजेच्या झटक्यांचे उपचार आणि १९६० मध्ये मेंदूवरील शस्त्रक्रिया यांत गेली. त्या काळी हा रोग मानसिक ताणाचा, मग पार्किन्सनचा मानला गेला. २००३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखात लक्षणांचा माग काढून तो ल्यूई बॉडी डिमेन्शिया असावा असा निष्कर्ष मांडण्यात आला. ‘टायटस अलोन’ पुरी झाली ती या उताराच्या सुरुवातीच्या टप्प्यात, थरथरत्या हाताने आणि मेव्हच्या साहाय्याने.

हस्तलिखित प्रकाशकाकडे गेले तेव्हा त्यात काटछाट सुचविण्यात आली. काही प्रसंग गाळले गेले, काही आखूड झाले, आणि कथेतील दुवे ठिकठिकाणी निखळले. ग्रीनच्या टीकेला पहिल्या वेळी पीक ज्या ताकदीने सामोरा गेला होता ती ताकद आता उरलेली नव्हती. परिणामी १९५९ मध्ये वाचकांनी जे वाचले ते पीकने लिहिलेले पुस्तक पूर्णार्थाने नव्हते. त्यांनी ते विस्कळित म्हटले, आणि ते विस्कळित होतेच. पण ती विस्कळितता किती लेखकाची आणि किती कात्रीची याचा विचार त्या काळच्या अभिप्रायांत दिसत नाही. लेखक आजारी आहे ही वार्ता पसरल्यावर तर तो विचार करण्याची गरजच कोणास वाटली नाही.

तो विचार ज्याने केला तो समीक्षक नव्हता. लँग्डन जोन्स हा संगीतकार आणि लेखक, मायकेल मूरकॉकच्या ‘न्यू वर्ल्ड्स’ मासिकाच्या वर्तुळातील. पीकच्या ‘द ऱ्हाइम ऑफ द फ्लाइंग बॉम्ब’ या दीर्घकवितेला संगीत देण्याच्या निमित्ताने त्याचा मेव्हशी संबंध आला. छापील ‘टायटस अलोन’मधील विसंगती त्याला खटकल्या. मूळ हस्तलिखित पाहू लागल्यावर त्या विसंगतींपैकी बऱ्याच मुळात नाहीतच असे त्याच्या ध्यानात आले. त्याने वह्या आणि टंकलिखित प्रती ओळीओळीने ताडून पाठ पुन्हा सिद्ध केला. पाठचिकित्सा हे आपल्याकडे प्राचीन ग्रंथांपुरते मानले जाणारे शास्त्र. दहा वर्षांपूर्वी छापलेल्या कादंबरीला ते लावावे लागले यातच त्या प्रकाशनाची कथा सामावलेली आहे. सुधारलेली आवृत्ती १९७० मध्ये निघाली आणि त्याच वर्षी पेंग्विनच्या आधुनिक अभिजात मालेत तिचा समावेश झाला. मालेतील पहिल्या पुस्तकाला १९६८ मध्ये अँथनी बर्जेसने प्रस्तावना लिहिली होती. पीकने या पुनरागमनाची केवळ सुरुवात पाहिली. १७ नोव्हेंबर १९६८ रोजी ऑक्सफर्डशायरमधील बर्कट येथे मेव्हच्या भावाच्या शुश्रूषागृहात त्याचे निधन झाले.

आता मूळ प्रश्न असा की पाठ शुद्ध झाल्यावर मत बदलले काय? फारसे बदलले नाही. सी. एन. मॅन्लव्ह याने १९७५ मध्ये आधुनिक अद्भुत साहित्यावर ग्रंथ लिहिला तेव्हाही पीकबद्दलचा त्याचा सूर प्रतिकूलच राहिला. सन २००० मध्ये बीबीसीने या कादंबऱ्यांवर दूरचित्रवाणी मालिका केली ती पहिल्या दोन पुस्तकांपुरतीच. टायटस किल्ल्याबाहेर पडला की मालिका संपते. विज्ञानकथेच्या वर्तुळातील वाचकांनी मात्र तिसऱ्या पुस्तकाची बाजू प्रथमपासून घेतली, मूरकॉक त्यांत अग्रभागी होता. तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे : किल्ला नाही, प्रकरणे तोकडी आहेत, माणसे रेखाटनासारखी वरवरची आहेत, आणि जुन्या काळाच्या त्या जगात मोटारी, विमाने व हेरगिरी करणारे उडते गोल एकाएकी कोठून आले?

यातील प्रकरणांविषयीची तक्रार मान्य करावी लागते. पहिल्या दोन ग्रंथांतील पानेच्या पाने चालणारे, दगडाच्या प्रत्येक भेगेत शिरणारे वर्णन येथे नाही. शंभराहून अधिक प्रकरणे, आणि त्यांतील काही जेमतेम पानाची. लांब पल्ल्याची एकाग्रता आजाराने हिरावून नेली होती हे येथे स्पष्ट दिसते. चीटा या शास्त्रज्ञाच्या मुलीचे पात्र स्टिअरपाइकच्या जवळपासही पोहोचत नाही हेही कबूल केले पाहिजे. पण किल्ला नाही ही तक्रार निराळ्या जातीची आहे. टायटस ज्या नगरीत येऊन पडतो तेथे गॉर्मनगास्ट हे नाव कोणी ऐकलेले नाही. तो उमराव आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही, तो भ्रमिष्ट ठरतो. किल्ल्याची एकच खूण त्याच्यापाशी असते, फ्लिंट्स मनोऱ्यावरील एक गारगोटी, आणि तीही तो आपल्यामागे लागलेल्या उडत्या गोलावर भिरकावून बसतो. पुढे त्याला स्वतःलाच शंका येऊ लागते की किल्ला होता तरी काय. वाचक किल्ल्यासाठी झुरतो तो टायटससारखाच. त्याची तक्रार हा कादंबरीने त्याच्यावर केलेला परिणाम आहे. हा परिणाम लेखकाच्या दौर्बल्यातून अपघाताने घडला असे मानणे कठीण आहे, कारण चीनमधून आलेल्या त्या अकरा वर्षांच्या मुलाला तो पूर्ण परिचित होता.

यंत्रांविषयीच्या तक्रारीचे उत्तर १९४५ मध्ये आहे. या नगरीतील कारखान्याच्या असंख्य खिडक्यांतून एकसारखे चेहरे दिसतात. त्याच्याभोवती मृत्यूची दुर्गंधी आहे. नदीखाली निर्वासितांची एक वस्ती आहे. मझलहॅचने जिवापाड जपलेले प्राणी शास्त्रज्ञ क्षणात नष्ट करतात. ब्लॅक रोझ ही छावणीतून आलेली स्त्री. अखेर तिला स्वच्छ पांढऱ्या बिछान्यावर टेकविले जाते आणि तेवढ्यात तिचे प्राण जातात. बेल्सनच्या रुग्णालयातील ती मुलगी डोळ्यांसमोर ठेवून हे प्रसंग वाचावेत. मग पीकच्या जगात यंत्रे बाहेरून घुसली असे वाटत नाही, ती खुद्द त्याच्या आयुष्यातच घुसली होती. उलट, बेल्सन पाहून आल्यावर मोटारगाडीही नसलेल्या बेटावर बसून ‘गॉर्मनगास्ट’ लिहिणे त्याला कसे साधले, हाच प्रश्न अधिक अवघड आहे. आजाराने ‘टायटस अलोन’ आखूड केली असेल, ठिकठिकाणी फिकी केली असेल, तिचा विषय मात्र आजाराने दिलेला नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला अशा प्रसंगी बाणभट्टाची आठवण व्हावी. ज्या ग्रंथाच्या नावाने मराठीत हा सारा साहित्यप्रकार ओळखला जातो ती ‘कादंबरी’ बाणाने पुरी केलीच नाही. उत्तरार्ध त्याच्या मुलाने रचला आणि परंपरेने दोन्ही भाग एकत्र बांधून जपले. पुत्राची शैली पित्यासारखी नाही हे रसिकांना नेहमीच कळत आले, पण म्हणून कोणी उत्तरार्ध ग्रंथाबाहेर टाकला नाही. पुढे हिंदीत देवकीनंदन खत्रींची ‘भूतनाथ’ त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी, पुढे चालविली आणि वाचकांनी तीही स्वीकारली. आपल्याकडील वाचकाला अपूर्ण ग्रंथ हा वारसा वाटला. आधुनिक युरोपीय वाचकाला तो लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा दस्तऐवज वाटतो, आणि म्हणून लेखक खचला की ग्रंथही खचला असे तो चटकन ठरवितो.

पीकच्या बाबतीतही वारसा चालविणारे हात होतेच. मेव्ह गिलमोरने १९७० मध्ये ‘अ वर्ल्ड अवे’ हे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, पतीने मागे ठेवलेल्या मोजक्या पानांपासून सुरुवात करून, तिने टायटसची पुढील भ्रमंती लिहून काढली. ती बाहेर काढण्याची घाई तिने केली नाही. १९८३ मध्ये तिचे निधन झाले. हस्तलिखित कुटुंबाच्या कागदपत्रांत पडून राहिले आणि पीकच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०११ मध्ये, ‘टायटस अवेक्स’ या नावाने ते छापले गेले. त्याच वर्षी बीबीसीच्या नभोवाणीवर झालेल्या ब्रायन सिब्लीच्या नाट्यरूपांतरात तिसऱ्या पुस्तकाला आणि मेव्हच्या या लेखनालाही स्थान मिळाले.

‘टायटस अलोन’च्या शेवटी टायटस भटकत भटकत एका ओळखीच्या खडकापाशी येतो. त्यापलीकडे गॉर्मनगास्ट आहे. हरवलेल्या उमरावासाठी झडणाऱ्या तोफांचा आवाज त्याला ऐकू येतो. तेवढा पुरावा त्याला पुरतो. किल्ला न पाहताच तो पाठ फिरवतो आणि दुसऱ्या वाटेने डोंगर उतरू लागतो. मेव्हच्या पुस्तकात त्याची वाट अखेर एका बेटाकडे जाते.